फुनाबोरीतले अँग्लो-सॅक्सन

आमच्या साडूंइतका बिनकामाच्या विद्येवर जीव टाकणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, आणि असलाच तर तो निदान टोकियोतल्या फुनाबोरीत तरी राहत नसेल. दोन हजार सालानंतर पुण्या-मुंबईचे कॉम्प्युटरवाले टोकियोत थव्याथव्याने उतरले, त्यांत आम्ही दोघेही होतो. एकाच इमारतीत, ते तिसऱ्या मजल्यावर, मी पाचव्या. बाकीची मंडळी संध्याकाळी जपानीच्या परीक्षांचा अभ्यास करायची, कारण एकेक परीक्षा पास झाली की पगार वाढे. साडूंना जपानीत धड मीठ मागता येत नसे. पण त्यांनी तिथल्या एका विद्यापीठात एम. ए.ला नाव घातलं, आणि तेही कशात, तर हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजांची, म्हणजे अँग्लो-सॅक्सनांची भाषा, त्यांचं वाङ्मय आणि त्यांचा इतिहास. जोडीला जुनी आयरिश. नोकरदारांसाठी संध्याकाळचे वर्ग असत आणि शिकवणं इंग्रजीतून. वर्गात विद्यार्थी हे एकटे, आणि समोर एक वयस्क जपानी प्राध्यापक.

ऑफिसात ते एका बँकेचे कोबोल नावाच्या जुन्यापुराण्या कॉम्प्युटर-भाषेतले प्रोग्रॅम सांभाळत. “साडूभाऊ, हे सगळं कशासाठी?” असं मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, “अरे, पोटासाठी एक मेलेली भाषा सांभाळतोच आहे. आनंदासाठी दुसरी सांभाळली तर कुठे बिघडलं?”

त्यांच्या तावडीत सापडलेला माणूस सहसा आपलं स्टेशन गाठू शकत नसे. “इंग्रज म्हणजे मुळात कोण?” ते फलाटावर विचारायचे, आणि आपण पळायच्या आत सांगायचे, “आपल्यासारखे कॉन्ट्रॅक्टवाले! तिथल्या राजाला लढायला माणसं कमी पडली, म्हणून त्याने बोटी भरून परदेशातून मागवली. काम संपलं, पण हे काही परत गेले नाहीत. तिथले मूळचे रहिवासी, केल्ट, बिचारे सरकत सरकत डोंगरात गेले.” शेजारी उभा असलेला जपानी कारकून अशा वेळी थोडा बाजूला सरके. गणपतीत तिथल्या मराठी मंडळाने त्यांना पाच मिनिटं दिली, तर हे समुद्री चाच्यांपासून पोथ्या वाचवणाऱ्या आयरिश भिक्षूंमध्ये जे शिरले ते बाहेर येईनात. फॅन्सी ड्रेसमधला एक शिवाजी आईच्या मांडीवर झोपून गेला. शेवटी चिटणिसांनी माइक बिघडल्याचं जाहीर केलं आणि आरती सुरू केली. साडूंना त्याचं वाईट वाटलं नाही. ऐकून न घेतलं जाण्याची त्यांना सवय होती.

सगळ्यांत कठीण प्रसंग रोज सकाळचा. कपडे वाळत घालता घालता ते बाल्कनीत उभे राहून जुन्या इंग्रजीतली एक लांबलचक कविता खड्या आवाजात म्हणत. ती कविता म्हणजे विलाप आहे, एवढं मला त्यांनी सांगितलं होतं: आपली सगळी माणसं गमावलेला कोणी एक जण थंडगार समुद्रावर नाव वल्हवत त्यांची आठवण काढतो. आतून त्यांची मुलगी जपानीत ओरडे, “उरुसाई!” म्हणजे कटकट बंद करा. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, बाल्कनीचं दार लावून घेई.

साडूंच्या बरोब्बर खाली, दुसऱ्या मजल्यावर, एक जपानी आजी-आजोबा राहत. एका हिवाळ्यात आजी गेल्या. नंतर काही दिवसांनी आजोबा संत्र्यांची पेटी घेऊन साडूंच्या दारात उभे राहिले. जपानी माणूस तक्रारीआधी भेट आणतो असा साडूंचा समज. त्यांनी घाबरून मला दुभाष्या म्हणून बोलावलं आणि आधीच सांगायला लावलं, की उद्यापासून आवाज बंद. आजोबा कमरेत वाकले. “नको, नको. माझी एक विनंती होती. तुम्ही रोज सकाळी जे सूत्र म्हणता, ते तिच्या एकोणपन्नासाव्याला म्हणाल का? बुद्धाच्या देशातून आलात तुम्ही.” आपल्याकडे तेरावा, तसा त्यांच्याकडे एकोणपन्नासावा दिवस, बौद्ध सूत्रांच्या पठणाचा.

साडू पांढरे पडले. “अरे, सांग त्यांना. हे सूत्रबित्र काही नाही. कोणा इंग्रजाचं रडगाणं आहे, तेही हजार वर्षांपूर्वीचं.” मी सांगितलं. आजोबांनी थोडा विचार केला. “ती अंथरुणावर पडून रोज ऐकायची. खरं सूत्र तरी तिला कुठे कळत होतं?” एवढं बोलून त्यांनी पेटी पुढे सरकवली.

अडचण एकच होती. तो दिवस शनिवारी येत होता, आणि त्याच दुपारी एक वाजता साडूंची एम. ए.ची तोंडी परीक्षा होती. मार्चमध्ये त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपून पुण्याला परतायचं होतं, तेव्हा डिग्री मिळायची तर त्याच दिवशी, नाहीतर कधीच नाही. “सकाळी दहाला मंदिरात विधी, सुरुवातीच्या चार ओळी म्हणेन आणि निघेन,” साडू म्हणाले. वेळ सांभाळायला ताईने मला बरोबर धाडलं.

भिक्षूचं पठण संपायलाच बारा वाजत आले, आणि विद्यापीठ तासभर लांब. मग साडू उठले, आणि चार ओळी म्हणून थांबले नाहीत. मी खोकलो. थांबले नाहीत. गुडघे मोडून बसलेल्या नातेवाइकांचे पाय बधिर झाले असणार, पण कोणी हललं नाही. मुलगी ओरडली नाही, दार लागलं नाही, माइक बिघडला नाही. कविता शेवटपर्यंत झाली. तेव्हा आजोबांनी कपाळ चटईला टेकवलं आणि म्हणाले, “त्रास नसेल तर, आणखी एकदा.” मी घड्याळ दाखवलं. साडूंनी घड्याळाकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.

आम्ही धावतपळत विद्यापीठात पोचलो तेव्हा परीक्षक उठून गेले होते. कचेरीतल्या बाईंनी खूप खाली वाकून, अत्यंत आदबीने, पुढच्या वर्षी यायला सांगितलं. प्राध्यापक मात्र व्हरांड्यात थांबले होते. उशिराचं कारण त्यांनी ऐकून घेतलं. मग हलकेच म्हणाले, “माझं सगळं आयुष्य ही कविता शिकवण्यात गेलं. पण ‘पुन्हा म्हणा’ असं मला कोणी म्हणालं नाही.” नियम तो नियमच राहिला.

घरी ताई दारातच होती. तिने आमची तोंडं पाहिली आणि फक्त विचारलं, “ऐकलं का आजोबांनी सगळं?” साडूंनी मान डोलावली. “मग जेवायला बसा,” ती म्हणाली.

मार्चमध्ये ते डिग्रीशिवाय गेले. जायच्या आधी महिनाभर संध्याकाळी खालच्या मजल्यावर जाऊन बसत, एवढंच मला ठाऊक होतं. काय चालतं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं. पुढे एकदा सकाळी जळाऊ कचऱ्याची पिशवी घेऊन जिना उतरत होतो. आजोबांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत आजींच्या फोटोपुढे घंटा वाजली, आणि मागोमाग जुन्या इंग्रजीतल्या त्या पहिल्या चार ओळी ऐकू आल्या, थरथरत्या, अगदी जपानी उच्चारांत. मी पिशवी खाली ठेवली आणि उभा राहिलो.

रविवारी साडूंना फोन करून सांगितलं. “पुन्हा सांग,” ते म्हणाले. मी पुन्हा सांगितलं.

“म्हणजे आपल्या अँग्लो-सॅक्सनांपैकी कोणीतरी तिथे राहिलं म्हणायचं,” ते शेवटी म्हणाले, आणि त्यांनी फोन ताईकडे दिला.