काझी सरांना टोकायचं कुणी?

लातुरात क्लासच्या स्टाफरूममध्ये उमेदीची वर्षं काढली की किस्से खडूच्या धुळीसारखे अंगावर बसतात, झटकले तरी जात नाहीत. माझे निम्मे किस्से एकट्या काझी सरांचे. ते फिजिक्स शिकवायचे, मी केमिस्ट्री.

भूकंपानंतर पोरं स्लॅबखाली बसायला भ्यायची, म्हणून आमचा क्लास पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झाला. एकदा भर दुपारी जमीन पुन्हा थरथरली. सगळ्यात आधी बाहेर कोण? काझी सर! पोरं दात काढायला लागली. सर म्हणाले, "हसून काय राहिले? मी पुढं पळालो म्हणून तुम्हाला दार घावलं!"

किल्लारीहून आलेली एक मुलगी तोवर कुणाशी बोलत नव्हती. त्या दिवशी तीही हसली.

*

डबा खाताना सरांच्या गणितांवरून आमची रोजची भांडणं.

"सर, हे चुकलं."

"न्हाई मॅडम, तुम्हाला कळलं न्हाई!"

भाजी गार, आवाज गरम. संध्याकाळी मात्र सर वर्गात सांगून मोकळे, "मॅडमनी माझी चूक काढली, दुरुस्त करून घ्या." काय दिवस होते हो ते!

*

पुढं क्लासची चांगली मोठी बिल्डिंग झाली आणि मालकांनी शिक्षकांना मार्क द्यायला पुण्याहून टॅलेंट मॅनेजर मॅडम आणल्या. त्यांनी सरांना विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

सर म्हणाले, "आरशात. आणखी कुठं?"

*

मग पुण्याच्या मॅडमचा नियम आला. सहकाऱ्याला टोकलं की 'टीम स्पिरिट'चे मार्क कट! आम्ही दोघंही नापास.

सर खाली मान घालून डबा खायला लागले. वर्गातून आले की हळूच विचारायचे, "मॅडम, बरोबर शिकवून राहिलो ना मी?" एवढा ठाम माणूस, आणि असं विचारायचा!

*

तेवढ्यात नांदेडच्या एका क्लासनं सरांना उचललं. तिथं चौकात सरांचा दुमजली फोटो! त्यांच्या बेगम फोनवर मला म्हणाल्या, "घरात इतके उंच न्हाईत हो ते!"

मी हसले, पण फोन ठेवल्यावर डबा उघडावासा वाटेना. भांडायचं कुणाशी?

*

शेवटी मीच मालकांना म्हटलं, "तो नियम काढा, मी सरांना परत आणते." मालक हो म्हणाले. मी नांदेडची बस धरली.

सरांना वेगळी एसी केबिन, दारावर पाटी, 'स्टार फॅकल्टी'. मी म्हटलं, "सर, चला परत. तुमच्याबिगर करमत नाही."

सर म्हणाले, "इथं लई मान हाय मॅडम. फळ्यावर काय बी लिहा, सगळे 'व्वा सर' म्हणतात."

मग उठले आणि केबिनमधल्या फळ्यावर गच्चीवरून पडणाऱ्या दगडाचं गणित सोडवायला लागले. दगड किती वेळात खाली पोचेल? उत्तर आलं, उणे दोन सेकंद.

माझ्यानं राहवलं नाही. "अहो सर! सोडायच्या आधीच खाली पोचला होय दगड? साफ चुकलं!"

सरांनी माझ्याकडं बघितलं. डोळे भरून आले होते. फळा पुसला आणि मी बघतेय ना याची खात्री करून दुसरं गणित लिहायला घेतलं.

तेही पहिल्याच ओळीत चुकलं होतं.