तीन बाटल्यांची एक बाटली

माझ्या मुलीचं लग्न व्हिस्कीमुळे मोडता मोडता वाचलं, असं मी सांगतो. ते मोडायला हेच निघाले होते, असं बायको सांगते.

मुलगा सायलीने स्वतःच पसंत केला होता. प्रश्न त्याच्या वडिलांचा होता. बोंडेसाहेब मूळचे नागपूरचे, निवृत्तीनंतर खराडीत मुलाजवळ राहायला आलेले. पुण्याची माणसं तोंडावर एक बोलतात आणि मनात दुसरंच ठेवतात, या मतामुळे त्यांचा होकार अडला होता. (मत बरोबर आहे, पण बोलून दाखवायची गरज नव्हती.) रविवारी ते एकटेच आमच्या धनकवडीच्या घरी जेवायला येणार आणि काय ते ठरवणार, असं ठरलं.

"बाबा, त्यांना सिंगल माल्ट व्हिस्की आवडते. एक चांगली बाटली आणून ठेवा," सायली म्हणाली. "ज्ञान देऊ नका. आणि थापा तर अजिबात मारू नका, त्यांना खोटं चालत नाही."

मी तोवर बिअरच्या पुढे गेलो नव्हतो. पण मोबाइलवर दोन संध्याकाळ व्हिडिओ बघितले आणि मला विषय कळला. विषय कळला की मला राहवत नाही. मी बोंडेसाहेबांना फोन लावला. "परवडणाऱ्या तीन सिंगल माल्ट आणतोय. शेजारीशेजारी ठेवून चाखू. फरक मी सांगेन तुम्हाला. एकात दुसरी मिसळलेली आपल्याला खपत नाही."

"या वयात अभ्यास चांगला आहे जी तुमचा," बोंडेसाहेब म्हणाले. मी ते कौतुक समजलो.

वाइन शॉपमधून मी एक मोठी आणि दोन छोट्या बाटल्या आणल्या. (परवडणाऱ्या म्हटलं तरी परवडण्याला सीमा असते.) आठवडाभर रोज संध्याकाळी सराव केला. कुठल्या बाटलीतलं काय ते मला कळू नये म्हणून ओतायचं काम बायकोकडे दिलं. तिने स्टीलच्या तीन वाट्या भरून मांडल्या. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून ती आत गेली. मी डोळे मिटून एकेक घोट घेतला.

"पहिलीत मध. दुसरीत पिकलेलं सफरचंद, जरा दालचिनी. तिसरीत धूर. विझलेल्या बंबासारखा."

"पहिल्या दोन वाट्यांत एकच आहे," बायको आतून म्हणाली. "एका बाटलीचं झाकण निघेना. म्हटलं, तुमचं अडायला नको."

त्यानंतर सराव मी एकट्यानेच केला.

रविवारी सकाळी कपाट उघडलं, तर आत एकच बाटली. मोठी. कालपेक्षा जास्त भरलेली.

"छोट्या दोन कुठे गेल्या?"

"मोठीत ओतल्या," बायको भाजी चिरत म्हणाली. "तिन्हींत थोडी थोडी उरलेली. कशाला उगाच तीन भांडी अडवायची?"

आमच्या घरात हा नियमच आहे. दोन लोणची तळाला गेली की तिसऱ्या बरणीत जातात. कालची आमटी आजच्या आमटीत जाते. त्या शिस्तीत स्कॉटलंड सापडलं होतं. एका छोट्या बाटलीत मनीप्लांट लागला होता, दुसरी बाल्कनीत उलटी वाळत होती.

"अगं, सिंगल माल्ट होत्या त्या!"

"मग आता झाल्या एकत्र. साहेबांना सरळ सांगा."

सांगता येण्यासारखं काय उरलं होतं? मी दोन माणसांच्या फुशारक्या फोनवर एकट्याने मारून बसलो होतो. नवी बाटली आणावी म्हणून चपला घातल्या, दार उघडलं, तर दारात बोंडेसाहेब. वेळेआधी. (पुण्याला शिकवायला निघालेली माणसं.)

"तीन म्हणाले होते न जी?" टेबलावरच्या एकुलत्या बाटलीकडे बघत त्यांनी विचारलं.

"चाखल्यावर दोन पसंत पडल्या नाहीत. उत्तम ती एकच ठेवली." मी बरोब्बर मापात ओतलं. सायलीने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की मी थांबायला हवं होतं. "एका कारखान्याची, एका धान्याची. दुसरा थेंब नाही यात."

बोंडेसाहेबांनी वास घेतला. घोट घेतला. पुन्हा एक घेतला. मला बंब आठवत राहिला.

"हीच बाटली माझ्या घरी आहे," ते म्हणाले. "तिच्यात धूर नसते. हिच्यात आहे. कसा काय आला?"

"हवामान," मी म्हणालो. "धनकवडीला जरा दमट असतं."

सायलीने डोळे मिटून घेतले. पोरीचं सगळं आयुष्य समोर, आणि मी हवामान सांगत होतो.

तेवढ्यात बायको भज्यांची ताटली घेऊन बाहेर आली. "दमट कसलं? तिन्ही बाटल्यांतलं उरलेलं मीच एकत्र केलं. यांना सकाळी कळलं, तेव्हापासून सांगायचं कसं याच विचारात आहेत. तुम्हाला नको असेल तर ताक आहे."

बोंडेसाहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. एक भजं उचललं. ग्लास पुढे केला.

"राहू द्या ताक. घाला अजून थोडी." मग ते सायलीकडे वळले. "बेटा, मला एकच विचारायचं आहे. तू स्वभावाने कोणावर गेली? आईवर का बाबांवर?"

"आईवर," आम्ही तिघंही एकदम म्हणालो. त्यात सर्वांत मोठा आवाज माझा होता.