चार नंबरचा कॅमेरा

सुषमा बोरसे आणि नूतन महाजन एकाच दिवशी पोलिसात भरती झाल्या. दोघी लिंबायतच्या, दोघींचे वडील धुळ्याकडून यंत्रमागावर काम करायला सुरतेत आलेले. भरतीच्या मैदानावर सोळाशे मीटर धावताना सुषमा नूतनच्या चांगली तीस पावलं पुढे होती. ही गोष्ट नूतनच्या लक्षातही नसेल. सुषमा मात्र अकरा वर्षांनंतरही विसरली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी एका मिरवणुकीच्या बंदोबस्तात लोखंडी अडथळा पायावर पडून सुषमाचा गुडघा कायमचा दुखावला. तेव्हापासून ती पोलीस ठाण्यातच बसायची. तिच्याकडे बॉडी कॅमेऱ्यांचं काम होतं. सकाळी शिपायांना कॅमेरे द्यायचे, संध्याकाळी परत घेऊन चार्जिंगला लावायचे, दिवसभराचं रेकॉर्डिंग संगणकात उतरवायचं. नूतन चौकात उभी राहायची आणि सुषमा तिचा दिवस पडद्यावर बघायची.

गेल्या हिवाळ्यात तापीच्या पुलावर कठड्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या एका बाईशी नूतन बावीस मिनिटं बोलत राहिली. घरी आज काय शिजवलं, पोराची शाळा कुठली, असलं साधंच. शेवटी बाईने हात पुढे केला आणि नूतनने तो धरला. हे रेकॉर्डिंग पहिल्यांदा सुषमाने पाहिलं. बघताना तिचे डोळे भरून आले, आणि तिनेच ते साहेबांना दाखवलं. आठवड्याभरात ते शहरातल्या प्रत्येक फोनवर पोचलं. नूतनला प्रशस्तिपत्र मिळालं.

घरी सुषमाची आई, उषाबाई, तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायची.

"देख, नूतनना आवाज कसा शांत से."

"रेकॉर्डिंग साहेबांना मी दाखवलं, आई."

"हा, पन बाई तं तिनीच वाचाडी ना."

त्यानंतर सुषमाला एक नवीनच सवय लागली. बाकीच्यांचं रेकॉर्डिंग ती नुसतं उतरवून ठेवायची, नूतनचं कानाला हेडफोन लावून ऐकायची. कुठे एखादी शिवी, कुठे चढलेला आवाज, एखादा चुकीचा धक्का सापडतो का, हे शोधायची. काही सापडत नव्हतं. उलट रोज संध्याकाळी नूतनचा चांगुलपणा तासभर ऐकून तिचं डोकं तापायचं. उठताना गुडघ्यातून कळ यायची आणि त्या कळेचा रागही नूतनवरच निघायचा.

आठ कॅमेऱ्यांपैकी चार नंबरचा बिघडलेला होता. बॅटरी भरलेली दाखवायचा आणि अर्ध्या तासात गुपचूप बंद पडायचा. सुषमाने त्यावर 'देऊ नये' अशी चिठ्ठी चिकटवली होती. एका मंगळवारी नूतन उशिरा धावत आली. तिचं लक्ष बाहेरच्या गाडीकडे होतं.

"पटकन दे ग, साहेब निघालेत," म्हणत तिने न बघताच हात पुढे केला.

स्टँडवर चार आणि सहा असे दोनच कॅमेरे उरले होते. सुषमाने चारची चिठ्ठी नखाने सोलली आणि तोच कॅमेरा तिच्या हातावर ठेवला. हिचा एक तरी दिवस कुठे उमटू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

त्याच दिवशी दुपारी नूतनने जास्त प्रवासी भरलेली एक रिक्षा अडवली. रिक्षावाला किसन थांबेना. गडबड झाली आणि किसनचं मनगट मोडलं. तो म्हणाला, बाईने लाठी मारली. नूतन म्हणाली, रिक्षा पुढे काढताना त्याचा हात रिक्षाच्याच दांड्यावर आपटला. कॅमेरा उघडून पाहिला तर रेकॉर्डिंग सकाळीच थांबलेलं.

ठाण्यात लगेच कुजबुज सुरू झाली. पुलावर बरा चालला कॅमेरा, इथेच कसा बंद पडला? बटण दाबलं असणार. साहेबांनी सुषमाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "देताना बॅटरी भरलेली दाखवत होता." हे खोटं नव्हतं. त्या दिवशी तिने दोन वेळा चहा मागवला. घरी जाऊन पोटभर जेवली.

तिसऱ्या दिवशी किसनची बायको इंदुबाई ठाण्यात आली. मूळची परभणीकडची. तिला रेकॉर्डिंगचं काम करणाऱ्या बाईंना भेटायचं होतं.

"बाई, तुमच्या पोलिसांच्या छातीला कॅमेरा असतोय म्हनं. आमच्या मालकाचा हात कसा मोडला ते त्याच्यात असंल ना?"

"रेकॉर्डिंग नाही. कॅमेरा बंद पडला होता."

इंदुबाई म्हणाली, "पुलावरच्या बाईचं सगळ्यांनी बघितलं. मग आमच्याच दिवशी कसा बंद पडला?"

 नूतनचा दिवस पुसायला निघालेल्या सुषमाने किसनचाही दिवस पुसून टाकला होता. त्याचा तर तिने विचारच केला नव्हता. त्या संध्याकाळी ताट समोर घेऊन ती नुसती बसून राहिली.

"काय व्हयनं वं तुले?" उषाबाईंनी विचारलं.

"काही नाही."

चौकशीसाठी वरिष्ठ मॅडम आल्या तेव्हा सुषमा स्वतःहून आत गेली.

"कॅमेरा नादुरुस्त होता, मॅडम. मला माहीत होतं. चिठ्ठी काढून मीच तो दिला."

"का?"

सुषमाने खूप कारणं तयार ठेवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. "ती पुढे गेली म्हणून," ती म्हणाली.

मॅडमनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. बाहेर बाकावर नूतन बसली होती. दार उघडंच होतं. सुषमाला वाटलं, ही आता ओरडेल.

नूतन हळू आवाजात म्हणाली, "लाठी मी उगारली होती. माझा पाय चाकाजवळ होता आणि तो रिक्षा काढत होता. ती त्याला लागली की नाही, मलाच सांगता येत नाही. कॅमेऱ्यात दिसेल म्हणून मी निर्धास्त होते. बंद होता कळल्यावर मग मला सोयीचं ते बोलले."

मॅडमनी तिचाही जबाब पुन्हा घेतला. पण न आठवणाऱ्या गोष्टीचा निकाल कसा लावायचा? सुषमाला कामावरून बाजूला केलं होतं, त्यामुळे तिच्याकडे वेळ होता. ती इंदुबाईला घेऊन रिक्षातल्या प्रवाशांना शोधत फिरली. साड्यांचं गाठोडं घेतलेली एक बाई होती, एवढंच किसनला आठवत होतं. चार दिवस त्या दोघी गल्लोगल्ली विचारत हिंडल्या. शेवटी बमरोलीत घरी बसून साड्यांना खडे चिकटवणारी योगिता सापडली. तिने जबाब दिला: लाठी एकदा लागली, मनगटावरच. रिक्षा त्या पोलीस बाईच्या पायावर चढत होती हेही खरं.

नूतनच्या सेवापुस्तकात शेरा आला. सुषमाला शिक्षा मोठी झाली. तिची मुख्यालयाच्या गोदामात बदली झाली. किसनचा हात दीड महिन्याने बरा झाला, पण मूठ अजून घट्ट वळत नाही.

निकालानंतर नूतन त्याच्या घरी जाऊन माफी मागून आली. हे सुषमाला इंदुबाईने फोनवर सांगितलं. "मोठ्या मनाची हाय बाई ती," इंदुबाई म्हणाली.

सुषमा "हो" म्हणाली. चार दिवस आपण पाय ओढत फिरलो ते इंदुबाईला आठवत नाही का, असं तिच्या मनात आलंच. मग आपल्यामुळेच फिरावं लागलं होतं, हेही आलं. नूतनचे फोन अजून येतात. सुषमा कधी उचलते, कधी वाजू देते.