चढावरचा हॉर्न

आमच्या आगारात नवीन ड्रायव्हर आला की त्याला माझ्या गाडीवर पाठवायचे. गाडी चालवायला तो शिकूनच आलेला असायचा. माझ्याकडं रस्ता शिकायचा आणि माणसं शिकायची. यातलं माणसांचं काम मीच वाढवून घेतलेलं. ज्याला ते जमलं नाही त्याला मी ड्रायव्हर म्हणत नाही, स्टेअरिंग धरून बसलेला माणूस म्हणतो.

माझी सकाळची फेरी एका आडगावाहून जिंतूरला यायची. वाटेत कपाशीच्या रानाआड एक वस्ती. फाट्यावर ना पाटी, ना शेड. नाल्यापुढचा चढ लागला की मी हॉर्न द्यायचो, दोन आखूड आणि जरा थांबून एक लांब. तो ऐकून कॉलेजच्या पोरी वेणी घालता घालताच निघायच्या, म्हातारी माणसं चपला शोधायची आणि मी फाट्यावर पोचेपर्यंत सगळी हजर. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. वस्तीवर घड्याळ कुणी बघत नव्हतं.

असाच एक नवीन पोरगा माझ्याकडं आला, पेडगावकडचा. हात चांगला, नजर चांगली, पण मन लागेना. नवीन पोरांना कोण विचारतो? नको ती ड्युटी त्यांच्या गळ्यात, मुक्कामाला डासांनी भरलेली खोली, सुट्टी मागितली की साहेबांचं तोंड वाकडं. बरीच पोरं पळून गेली होती. साहेब मला म्हणाले, "याला तरी टिकवा."

मी ते मनावर घेतलं. त्याला घरी जेवायला न्यायला लागलो. माझ्या बायकोनं त्याला घासातला घास दिला. एक दिवस तो म्हणाला, "काका, ही ड्युटी न्हाई झेपायली. एक जीपवाला बलवायलाय." मी साहेबांशी भांडलो आणि माझी सकाळची फेरी त्याला देऊन टाकली, दुपारनंतर त्याला घरी जाता यावं म्हणून. स्वतः परभणीच्या गर्दीतल्या गाडीवर गेलो. देण्याआधी फेरी नीट शिकवली. कोणती आजी पायरी चढायला वेळ लावते, कुणाचं दुधाचं कॅन कुठं ठेवायचं, सगळं. हॉर्नही त्याच्याकडून घोटून घेतला. "हॉर्न म्हशींसाठी नसतो," म्हणालो, "घरातल्या माणसांसाठी असतो." त्यानं पहिल्यांदा बरोबर वाजवला तेव्हा मला पोटच्या पोराचं कौतुक वाटावं तसं वाटलं.

दिवाळी झाली आणि तो गेला. न सांगता. फेरी परत माझ्याकडं आली. वाईट वाटलं, पण त्याला शिव्या दिल्या नाहीत. पोट प्रत्येकाला असतं.

मग फाट्यावर माणसं कमी दिसायला लागली. फक्त पासवाल्या पोरी. मला वाटलं, बाजार नसेल, लग्नसराई असेल. एका सकाळी गाडी थोडी लवकर निघाली आणि चढाच्या अलीकडं मला माझाच हॉर्न ऐकू आला. दोन आखूड, एक लांब. माझा हात तर अजून हॉर्नकडं गेलाही नव्हता.

चढावर आलो तर पुढं काळी-पिवळी जीप, माणसांनी गच्च. आजीसुद्धा आत बसलेली. स्टेअरिंगवर तोच. मोठ्या गाडीचा भोंगा त्यानं मुद्दाम जीपला बसवून घेतला होता.

जिंतूरला त्याला गाठलं. अंगाचा तिळपापड झाला होता. तो शांतपणे म्हणाला, "काका, हॉर्नवर काय कुणाचं नाव लिवलंय का? माणसं ओळखायला तुमीच तर शिकवलं की."

नोकरी सोडलीस, जीप चालवलीस, माझ्या पुढं चालवलीस, तेही मी गिळलं असतं. पण माझ्याच ताटात जेवून माझ्याच आवाजानं माझी माणसं नेलीस. हे सगळं मला तिथं बोलायचं होतं. तोंडातून फक्त "लाज वाटू दे" एवढंच निघालं.

मी हॉर्न बदलून पाहिला. तीन आखूड. पासवाल्या पोरी सोडल्या तर वस्तीवरून कुणी हललं नाही. कुठला तरी ट्रक चाललाय असं वाटलं बाकीच्यांना.

साहेबांनी बोलावलं. "तिकीट काढणारा माणूस न्हाई गाडीत. सगळ्या पासवाल्या. फेरी बंद करायलोत." मी म्हणालो, जीपवाला पासवर नेत नाही, रोजचं भाडं या पोरी कुठून आणतील? घरचे कॉलेज बंद करतील. साहेबांनी हात वर केले. ज्याला टिकवायला सांगितलं होतं, त्याचं नाव त्यांच्या तोंडी आलं नाही.

शेवटच्या दिवशी मी चढावर हॉर्न दिलाच नाही. तो आता माझा राहिला नव्हता. तरी फाट्यावर पोरी उभ्या होत्या, वेण्या घातलेल्या, दप्तरं छातीशी.

"हॉर्नशिवाय कशा आलात गं?" मी विचारलं.

"जीपचा वाजला की," एक म्हणाली. "त्यो वाजला की आमी निघताव. मागून तुमी येताच ना, काका."

मी गाडी बंद केली आणि उद्यापासून येणार नाही हे सांगितलं. सगळ्यात धाकटी, यंदाच अकरावीला गेलेली, दारात एक पाय ठेवून थांबली.

"मग उद्या हॉर्न वाजला तर निघायचं न्हाई का?"

"न्हाई, बाई," म्हणालो.

ज्या हॉर्नवर त्यांना घराबाहेर पडायला शिकवलं, त्यावर घरात बसा म्हणून सांगायची पाळीही त्यानं माझ्यावरच आणली.