घरभेदी प्रथिनं

क्रांती चौकामागच्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई एचआयव्हीवर संशोधन करतात आणि जिन्यात कुणी भेटलं की माणसाच्या पेशींना शिव्या घालतात. "विषाणू लई भिकारडा हो, त्याच्याकडं स्वतःचं काहीच नाय. आपल्याच पेशीवरची प्रथिनं त्याला दार उघडून देतात, आतली पार केंद्रकापर्यंत पोचवतात. घरभेदी मेली!" बोलताना भाजीची पिशवी इतकी झुलवतात की ऐकणारा भिंतीला चिकटतो.

परवा पार्किंगमधल्या इस्त्रीवाल्याला एचआयव्ही असल्याची कुजबुज झाली आणि सेक्रेटरीकाकांनी त्याला टेबल हलवायला सांगितलं. तो कपड्यांचं गाठोडं बांधू लागला. तेवढ्यात बाई खाली आल्या.

"काका, तुमच्या शर्टात जिवंत पेशी हायत का? मग तिथं विषाणूला दार कोण उघडणार?"

"तरीपण, रिस्क कशाला?"

बाई साडीसकट टेबलावर चढून बसल्या. "काही प्रथिनं विषाणूला आडवीबी येतात. ही मी आडवी आले. उचला आता टेबल!"

काका लिफ्टकडं वळले. बाई मात्र उतरेचनात. इस्त्रीवाल्यानं गाठोडं सोडलं, थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, जरा सरका. इस्त्री तापलीय."