निम्मा महिना हैदराबाद, निम्मा जळोची

बारामतीच्या स्टेशनात माझी काळी लोखंडी ट्रंक दौंडच्या गाडीच्या दारात आडवी अडकली होती आणि तात्या, म्हणजे माझे वडील, तिला कुणाला हात लावू देत नव्हते. वीज मंडळात वायरमन म्हणून उभा जन्म काढलेला माणूस. त्यांनी ट्रंक उभी केली, खांद्याने रेटली आणि घामेजलेल्या चेहऱ्याने मला म्हणाले, "आपल्या घरात कुणाची बदली तालुक्याबाहेर झाली न्हाय. तू बघ कसं असतं ते, आन आमाला सांग." गाडी हलली तेव्हा आईने पदर तोंडाला लावला. मी हवाई दलात वैमानिक व्हायला निघाले होते आणि आमच्या गावात, जळोचीत, तेव्हा या गोष्टीवर कुणाचा धड विश्वासही बसला नव्हता.

कसं असतं ते तात्यांना मी नीट कधी सांगितलंच नाही. आज लिहिते. जे गावात राहिले त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे बाहेर पडून मधेच कुठेतरी लटकलेत त्यांच्यासाठीही.

मालवाहू विमानं उडवण्यात मला खरोखर आनंद होता. ईशान्येच्या दऱ्यांत, लडाखच्या थंडीत, जिथं पाठवलं तिथं गेले. थकवा उड्डाणाचा नव्हता, बिऱ्हाडाचा होता. क्वार्टर मिळायचं, पडदे शिवून घ्यायचे, गॅस जोडून घ्यायचा, शेजारणीशी मैत्री जमत आली की बदलीची ऑर्डर. संदीप, माझा नवरा, इंदापूर तालुक्यातला. तोही हवाई दलात, हेलिकॉप्टरवर. आमच्या लग्नावरून दोन्ही घरांत जी धुसफूस झाली ती आता कुणी काढत नाही. आम्ही बाबासाहेबांच्या वाटेनं गेलेली बौद्ध माणसं, ते धनगर. त्याच्या वडिलांना, आबांना, लहानपणी मेंढरांमागं कोकणापर्यंत चालल्याचं आठवतं. आमचं सामान एकदा ट्रकमध्ये चढताना पाहून ते म्हणाले होते, "आमची बिऱ्हाडं घोड्यावर असायची, तुमची ट्रकवर. आमी निदान दर साली त्याच रानात परत यायचो."

हवाई दलातली माझी चौदा वर्षांची मुदत संपली. संदीपची त्याआधी थोडे दिवस संपली होती. मुंबईहून समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं ने-आण करणाऱ्या हेलिकॉप्टरवर त्याला काम मिळालं. काही आठवडे तिकडे, मग तितकेच घरी. प्रश्न माझा होता. एका विमान कंपनीची पूर्ण वेळ जागा चालून आली होती, पण त्यासाठी गुरुग्रामला राहावं लागणार होतं. दुसरी जागा हैदराबादजवळच्या एका खासगी वैमानिक प्रशिक्षण संस्थेत, करारावर, अर्धवेळ. निम्मा महिना नव्या मुलांना उड्डाण शिकवायचं, उरलेला निम्मा आपला. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून आम्ही दोघांनी किती वेळा हे उलटंपालटं केलं असेल! शेवटी मला वाटलं, अर्धवेळ जागा घेतली तर सगळंच हातात राहील. विमानही, आणि जळोचीही. आमची मुलगी रमा तेव्हा चौथीत होती. तिला पहिल्यांदाच एका शाळेत टिकता येणार होतं.

तात्यांना काय आनंद झाला! त्यांनी घरावर आमच्यासाठी एक खोली चढवायला घेतली.

मग सुरू झाली आमची ये-जा. माझी निघायची वेळ आली की संदीप मला गाडीने इंदापूरला सोडायचा, तिथून महामार्गावर हैदराबादची बस. बस येईपर्यंत आम्ही रसवंतीत बसायचो आणि संसार एकमेकांच्या हवाली करायचो. रमाचा दात हलतोय, आईच्या गोळ्या संपत आल्यात, गवंडी पुन्हा आला नाही. नवराबायको म्हणून बोलायला काही उरायचंच नाही. हैदराबादेत मेसच्या खोलीत मी जळोचीचा विचार करायची. जळोचीत भाकरी थापताना डोक्यात धावपट्टीवरचा वारा असायचा. पोरांना मी शिकवत होते, पण एखादा मुलगा छान उतरायला लागला की माझी निघायची वेळ व्हायची आणि त्याचं पहिलं एकट्याचं उड्डाण दुसराच कुणीतरी बघायचा. रमाच्या बाबतीतही तेच. ती सायकल शिकली ते मला फोनवर कळलं.

आणि दोघांच्या पाळ्या नेहमी जुळायच्याच असं नाही. खराब हवेमुळे संदीपचं परतणं लांबायचं, मला निघावंच लागायचं. अशाच एका वेळी आम्ही दोघंही बाहेर असताना तात्या पडले. आयुष्यभर खांबावर चढलेला माणूस, नव्या खोलीतला दिवा लावताना घरातल्या स्टुलावरून पडला. मांडीचं हाड मोडलं. मी विमानात होते, फोन खाली लॉकरमध्ये. उतरले तेव्हा शेजारच्या नंदाताईचे कितीतरी कॉल दिसले. आईला भोवळ आली होती म्हणून तिला घरी ठेवून नंदाताईने तात्यांना दवाखान्यात नेलं, आणि रमा हट्टाने बरोबर गेली. डॉक्टरांनी घरचं मोठं कोण आहे विचारलं तेव्हा आमची रमा म्हणाली, "आईबाबा ड्यूटीवर आहेत. तुम्ही मला सांगा, मी सांगते त्यांना."

नंदाताईने हे मला कौतुकाने सांगितलं. मी मात्र बसमध्ये सोलापूर येईपर्यंत रडत होते.

मी पोचले तेव्हा तात्यांचं ऑपरेशन झालं होतं. पाय बांधलेला, चेहरा उतरलेला, पण शुद्धीवर. मी उशाशी बसले आणि म्हणाले, "तात्या, मी इथं असायला हवं होतं."

"का? तू असतीस तरी मी पडलोच असतो."

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. ते म्हणाले, "पोरी, एक बोलू? तू हितं आसतीस तवा तितं आसतीस. तितं गेलीस की हितं. दमलीस तू. मला दिसतंय. पुरती जा, न्हायतर पुरती ये. गुरगावला गेलीस तरी आमी काय मरत न्हाय. पण हे निम्मं निम्मं नगं."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला इचारू नगंस. मी काय, ये म्हणंन."

गुरुग्रामची जागा तेव्हा अजून रिकामी होती. दवाखान्याच्या व्हरांड्यातून मी संदीपला फोन केला आणि पुरती घरी येते म्हणाले. तो म्हणाला, "तू उडायचं सोडलंस आणि मग पस्तावलीस तर?" मी म्हणाले, "पस्तावेन. ते मी सोसेन." दुसऱ्या दिवशी मी गुरुग्रामला नकार कळवला आणि हैदराबादचं कामही सोडलं. कुणी शाबासकी द्यावी असं त्यात काही नव्हतं. मी थकले होते, इतकंच.

आता मी बारामतीत वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांना हवामान आणि नेव्हिगेशन शिकवते. फळा, खडू, पंख्याची घरघर. उडत नाही. वरून विमान गेलं की अजूनही वाक्य मधेच तुटतं, मुलं हसतात. संदीप जातो, येतो. तात्या काठीवर चालतात. आभाळ सोडल्याचं दुःख मला झालं नाही असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. काही दिवस ते फार होतं.

पण परवाची गोष्ट सांगते. इतकी वर्षं जळोचीच्या कोपऱ्यावरची भाजीवाली, सखूमावशी, मला बघितलं की एकच विचारायची, "कवा आलीस? कवा जाणार?" ताप आला म्हणून मी एक दिवस घराबाहेर पडले नव्हते. दुसऱ्या दिवशी मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता तिने मान वर केली आणि जरा रागानेच म्हणाली, "काल कुठं गेलतीस गं?"

मी म्हणाले, "कुठं न्हाय मावशी. घरीच होते."