दोष माझा लिहा

डेपोत त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणत. लोक बसमधून उतरायला लागले की आरशात बघत तो प्रत्येकाला म्हणायचा, “सावकाश, सावकाश.” गुडघे धरून चढणाऱ्या म्हाताऱ्या बायका आधीची रिकामी बस सोडून त्याच्या बसची वाट बघत. सत्तावीस वर्षं त्याने गाडी चालवली, पण गाडीला साधा ओरखडा नाही. मी तिथे ड्यूटी लावणारा कारकून होतो. कुणी कोणत्या मार्गावर आणि कोणत्या पाळीला जायचं, हे माझ्या वहीत ठरायचं. आम्ही एकाच वर्षी कामाला लागलो, त्यामुळे आमचं अरे-तुरेचं होतं.

स्वभावाने तो गोड होता असं मात्र नाही. चुकलेल्या माणसाला त्याच्याकडे माफी नसायची. एकदा एका नव्या ड्रायव्हरने फाटकाच्या खांबाला गाडी घासली आणि “ब्रेकच लागला नाही” म्हणून मोकळा झाला. कँटीनमध्ये आम्ही त्याची समजूत काढत होतो. सावकाशने कप खाली ठेवला.

“ब्रेक लागला नाही म्हणू नकोस. मी लावला नाही, असं म्हण. नाहीतर तोंडाला सवय लागते.”

तो बिचारा रडकुंडीला आला. माझाही चहा बेचव झाला.

अपघात झाला तो दिवस लख्ख उन्हाचा होता. सकाळचे साडेअकरा, कोरडा रस्ता, गाडी महिनाभरापूर्वीच वर्कशॉपने तपासलेली. इस्पितळासमोरच्या थांब्यावर सावकाशची बस थांबली नाही. वेग फारसा नव्हता. ती सरळ फुटपाथवर चढली, बाकडं मोडून पुढे गेली आणि दिव्याच्या खांबाला टेकली. बाकड्यावर एक चष्मेवाला बसला होता. तयार चष्मे गिऱ्हाइकांना पोचवायला निघालेला, चाळिशीचा माणूस. तो जागीच गेला.

कंडक्टर पुढे धावला. सावकाश सीटवर ताठ बसलेला होता. उजव्या हाताने शर्टाचं बटण चाळवत होता आणि ओठ काहीतरी चघळत असल्यासारखे हलत होते. खांद्याला धरून गदागदा हलवल्यावर त्याने मान वळवली आणि विचारलं, “थांबा आला का?”

मेंदूचे फोटो काढले तेव्हा डाव्या बाजूला एक जुना व्रण दिसला. लहानपणी कधीतरी ताप डोक्यात गेला असेल, असं डॉक्टर म्हणाले. मी आणि त्याची बायको पलंगाजवळ उभे होतो. डॉक्टर समजावून सांगत होते, “झटका म्हणजे हातपाय झाडणंच असं नाही. अशा झटक्यात माणूस डोळे उघडे ठेवून बसलेला असतो, पण वीस-तीस सेकंद तो तिथे नसतो.”

“मग गाडी कोण चालवत होतं?” सावकाशने विचारलं.

“कुणीच नाही.”

ते ऐकून वहिनींनी डोळे पुसले. त्यांना सुटल्यासारखं झालं असणार. सावकाश मात्र छताकडे बघत राहिला.

चौकशी समितीने दोन बैठकांत काम उरकलं. आजार आधी कुणाला ठाऊक नव्हता, गाडीत बिघाड नव्हता, तेव्हा दोष कुणाचाच नाही. डेपोत सगळ्यांना हायसं वाटलं. स्टिअरिंग अर्थातच गेलं. त्याला स्टोअरमध्ये बसवलं. नट, बोल्ट, वायपर, पंख्याचे पट्टे मागणीप्रमाणे काढून द्यायचे, एवढंच काम. घरी वहिनींनी न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली. कामावर येताना त्या फाटकापर्यंत सोबत यायच्या आणि तो आत दिसेनासा होईपर्यंत उभ्या राहायच्या.

एका दुपारी मी स्टोअरमध्ये डोकावलो तर तो नव्या टायरांच्या ढिगाला नाक लावून उभा होता.

“काय करतोयस रे?”

“काही नाही. बस जरा.” तो स्टुलावर टेकला. “मला एक सांग. ते वीस सेकंद मी नव्हतो, बरोबर? मग सत्तावीस वर्षं कोण होतं?”

“म्हणजे?”

“डोक्यात वीज भलतीकडे गेली म्हणून माणूस मेला, असं डॉक्टर म्हणतात. मग मी रोज वेळेवर ब्रेक दाबायचो, तेही वीज नीट जागी गेली म्हणूनच ना? त्यात माझं काय होतं? तुम्ही मला शाबासकी दिलीत ती कशाची?”

“उगाच डोकं चालवू नकोस.”

“चालवतोय कोण?” तो म्हणाला आणि हसला. अपघातानंतर मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं, आणि तो न हसता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

मग त्याने मला ते सांगितलं. अपघाताआधी त्याला तीनदा जळक्या रबराचा वास आला होता. पहिल्यांदा आला तो गाडी चालवताना. ब्रेकचे लायनर तापले असतील म्हणून त्याने तक्रार लिहिली. वर्कशॉपने सगळं उघडून पाहिलं, काही सापडलं नाही. दुसऱ्यांदा आला घरी, जेवताना. भानावर आला तेव्हा आमटी मांडीवर सांडलेली होती आणि वहिनी विचारत होत्या, “अहो, लक्ष कुठे आहे?” तिसऱ्यांदा आला अपघाताच्या दोन दिवस आधी, दाढी करताना. वास आला, आणि मग एकदम गालावरचा साबण वाळून गेलेला होता. मधला वेळ कुठे गेला ते त्याला कळलं नाही.

“तेव्हा मला समजलं,” तो म्हणाला, “की हा वास गाडीचा नाही, माझा आहे. तरी मी कामावर आलो.”

“का पण?”

“सांगितलं असतं तर इथे आणून बसवलं असतं.” त्याने नटबोल्टांच्या फळ्यांकडे हात केला. “आणि बसवलंच.”

मला ते झेपलं नाही. मी वहिनींना सांगितलं, वहिनींनी डॉक्टरांना. मग आम्ही सगळे त्याच्या मागे लागलो. डॉक्टर म्हणाले, असे रुग्ण लक्षणं मनावर घेत नाहीत, कदाचित हाही आजाराचाच भाग असेल. वहिनी म्हणाल्या, “माझ्यामुळे झालं. मी जरा काही झालं की घर डोक्यावर घेते, म्हणून ते बोलले नाहीत.” मी म्हणालो, आपल्या डेपोत आजारी ड्रायव्हरला अडगळीत टाकतात, ही रीतच वाईट.

त्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं. “तुम्ही प्रेमाने बोलताय, ते कळतं मला,” तो म्हणाला. “पण माझ्याकडे धरायला एवढंच उरलंय. तेही तुम्ही एकेक बोट उकलून काढून घेताय.”

पुढच्या आठवड्यात तो चष्मेवाल्याच्या दुकानात जायला निघाला. एकट्याने जायची मनाई होती, म्हणून मी बरोबर गेलो. वाटेत मी तीनदा म्हटलं, परत फिरू. तो चालत राहिला.

दुकान अरुंद होतं. भिंतीवर काड्या मिटलेले चष्मे, आत अक्षरांचा तक्ता. काउंटरमागे चष्मेवाल्याची बायको एका काडीचा स्क्रू आवळत होती. नवरा गेल्यावर तीच दुकान बघायची. तिने वर न बघता विचारलं, “नंबर तपासायचाय का?”

सावकाशने आपण कोण ते सांगितलं. तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मला वाटलं, आता ओरडेल. पण तिने दोन स्टुलं पुढे सरकवली.

“चौकशीचा कागद मला मिळालाय,” ती म्हणाली. “तुम्हाला झटका आला होता. मी तुम्हाला कधी शिव्या दिल्या नाहीत. बसा.”

तो बसला नाही. उभ्यानेच त्याने तिन्ही वेळचा वास सांगितला, आमटी सांगितली, वाळलेला साबण सांगितला. बाहेर एक गिऱ्हाईक येऊन, काचेतून बघून निघून गेलं.

“चौकशीत का नाही बोललात?”

“तसं कुणी विचारलं नाही. आणि मीही सांगितलं नाही.”

“मग आता का सांगताय?”

त्याने काउंटरवरचा स्क्रूड्रायव्हर सरळ करून ठेवला.

“आठ महिने मी मनाला समजावत होते,” ती हळू बोलत होती. “अंगावर झाड पडलं, असं समजायचं. झाडावर कोण रागावतं? मुलीलाही तेच सांगितलं. झोपायला लागली होती ती. आणि आज तुम्ही येऊन सांगताय की झाड नव्हतं, माणूस होता. आता मला रोज उठून तुमचा राग करावा लागणार. तेवढं बळ नाही हो माझ्यात.”

“हो,” सावकाश म्हणाला.

“हो काय? हे आणून माझ्या दारात टाकलंत. तुम्हाला हलकं वाटलं असेल.”

“नाही वाटलं.”

तिने चष्म्याच्या नंबरांचं पॅड काढलं, एक कागद उलटा करून त्याच्यापुढे सरकवला. “लिहून द्या. तोंडी नको.”

त्याने लिहून दिलं. त्या कागदावरून चौकशी पुन्हा उघडली.

या वेळी समितीच्या अध्यक्ष एक बाई होत्या. मोजकं बोलणाऱ्या, पण कठोर नव्हत्या. मीही साक्षीला होतो. चष्मेवाल्याची बायको मागच्या रांगेत बसली होती. अध्यक्षबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “समजा, ती सकाळ पुन्हा आली. तर तुम्ही सांगाल?”

त्याने ‘हो’ म्हणावं, एवढंच सगळ्यांना हवं होतं.

“आत्ताचा मी सांगेन, मॅडम. पण त्या सकाळचा मी तोच असेन, भीती तीच, स्टिअरिंगची हौस तीच, तर नाही. पुन्हा तसाच गाडीवर बसेन.”

खोलीत कुजबुज झाली. “म्हणजे तुम्हाला दुसरं काही करणं शक्यच नव्हतं?” बाई म्हणाल्या. “मग दोष कसला?”

“ते मला नाही कळत. तुम्ही शिकलेल्या आहात. पण तो घाबरलेला माणूस मीच होतो. माझ्या जागी कुणी दुसरा आणून बसवला नव्हता. दोष माझा लिहा.”

बाई थोडा वेळ काही लिहीत होत्या. मग त्यांनी विचारलं, “निघण्याआधी कुणाला सांगायचा प्रयत्न तरी केलात?”

इथे मला माझं सांगायला हवं. त्या सकाळी तो माझ्या खिडकीशी आला होता. दोन्ही हात चौकटीवर ठेवून म्हणाला होता, “अरे, आज मला जरा...” तेवढ्यात फोन वाजला. मी बोट दाखवून त्याला थांबायला सांगितलं. फोन ठेवला तेव्हा खिडकीत कुणी नव्हतं. त्याला हाक मारून विचारावं असं मला वाटलंही होतं. पण पुढची पाळी लावायची राहिली होती.

सावकाशने एकदा माझ्याकडे पाहिलं. “नाही,” तो म्हणाला. “कुणालाच नाही.”

मी टेबलाच्या कडेकडे बघत बसलो. पाय उठले नाहीत, असं मी पुढे माझ्या बायकोला सांगितलं.

निकाल लागला. आजार लपवल्याबद्दल त्याला कामावरून काढलं. चष्मेवाल्याची बायको जिना उतरून निघून गेली, तिने मागे पाहिलं नाही. डेपोतल्या लोकांना त्याचा रागच आला. सगळं मिटलेलं असताना याने उकरून काढलं, म्हणून. स्टोअरमध्ये दुसरा माणूस आला. दोन महिन्यांत सावकाशचं नावही कुणी काढेना.

मी दर रविवारी त्याच्याकडे जायचो. गोळ्यांनी त्याची जीभ जड झाली होती. डॉक्टरांनी डोक्यातला तो व्रण कापून काढू म्हटलं, तर तो तयार झाला नाही. कारण विचारलं की नुसती मान हलवायचा. खिडकीच्या गोष्टीचा विषय त्याने कधी काढला नाही. मीही नाही. दीड वर्षाने एका दुपारी, जेवून आडवा झालेला असताना, झटका आला आणि त्यातच तो गेला. वहिनी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांना काही ऐकू आलं नाही.

महिन्याभराने मी भेटायला गेलो. वहिनींनी चहा केला. बराच वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग त्या म्हणाल्या, “भावजी, त्या निकालानंतर ते अगदी शांत झोपायचे. घोरायचे सुद्धा. मी झटक्याच्या धास्तीने उशाशी जागी बसून बघत राहायची. इतक्या वर्षांत मी कधी त्यांच्यावर चिडले नव्हते, पण ते झोपले की मला त्यांचा फार राग यायचा.”

त्यांनी माझा कप उचलला. त्यात चहा अजून अर्धा होता.